तादूसाकची भांडेवाली

आमच्या दारात सौदा चालू होता आणि मी खिडकीच्या आत पडद्याआड उभी राहून तो मोबाईलवर रेकॉर्ड करत होते.

"तीन साड्या अन् एक पँट. ह्यात भगुनं येत न्हाई, अक्का," रत्नम्मा म्हणाली.

"न येऊन जातंय कुठं? ह्या साडीचा काठ तर बघ. लग्नातली हाय."

"कुणाच्या लग्नातली? तुमच्या?"

"माझ्या नणंदेच्या."

"मग तुमची नणंद पणजी झाली असंल की आता."

मला तोंडावर हात ठेवावा लागला. सौदा करणाऱ्या केवळाबाई म्हणजे माझ्या सासूबाई. मी त्यांना आत्या म्हणते. आमच्या रेणापुरात भाजीवालेसुद्धा त्यांच्याशी भाव करायच्या आधी पाणी पिऊन घेतात. रत्नम्मा मूळची देगलूरकडची, आता लातूरला राहते. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची, पातेल्या-भगुन्यांची पाटी, काखेत जुन्या कपड्यांचं गाठोडं. महिन्या-दोन महिन्यांनी बसनं येते, कपडे घेते, भांडी देते आणि जाता जाता आत्यांच्या हातचा चहा पिऊन त्यांच्याच सुनेची चौकशी करते.

रेकॉर्डिंगला कारण होतं. माझा चुलतभाऊ सुदर्शन नांदेडला लहान मुलांसाठी मराठीत ऐकायच्या गोष्टी तयार करतो. 'जगातले बाजार' ही त्याची नवी मालिका. लेकीच्या जन्मानंतरचं हे माझं पहिलं काम, आणि माझ्या वाट्याला आलं होतं तादूसाक. कॅनडात, दोन नद्या मिळतात तिथलं फ्रेंच लोकांचं कातड्यांच्या व्यापाराचं ठाणं. सोळाशे साली त्यांनी तिथं लाकडी ओंडक्यांचं एक घर बांधलं, आमच्या दोन खोल्यांएवढंच. उन्हाळ्यात फ्रान्सची जहाजं यायची. तिथले इन्नू लोक बीव्हरची कातडी घेऊन यायचे. बीव्हर म्हणजे चपट्या शेपटीचा, पाण्यात काटक्यांचा बांध घालून राहणारा प्राणी, आपल्या कुत्र्याएवढा. कातडी द्यायची आणि पितळेची भांडी, सुऱ्या, घोंगड्या घ्यायच्या. त्या कातड्याच्या केसांपासून पॅरिसमधल्या साहेब लोकांच्या टोप्या व्हायच्या.

हे सगळं मी तारखा-वारांसकट लिहून सुदर्शनला पाठवलं होतं. त्यानं वाचून लगेच फोन केला.

"ताई, हे ऐकून लेकरं झोपतील."

"माझं झोपलं तर बरंच होईल."

"मस्करी नाही. बाजार आहे आणि बाजाराचा आवाजच नाही. शनिवारपर्यंत परत दे. नाहीतर मी तिथं मसाल्याचा भाग टाकतो, तो तयार आहे."

म्हणून मी आवाज गोळा करत होते.

बाहेर सौदा अडला होता. आत्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे मग. परवा दुसरी भांडेवाली येणार हाय, तिला देते." मला हे इतकं आवडलं की मी वहीत लिहूनच घेतलं. तादूसाकला इन्नू लोक नेमकं हेच करायचे. एक जहाज आलं तरी माल सोडायचे नाहीत. दुसरं येऊ दे, तिसरं येऊ दे, खलाशी आपसात भांडू देत, मग भाव सांगू.

"बरं, वरून एक कायतरी टाका," रत्नम्मा म्हणाली, "अन् घ्या भगुनं. झाकणासकट."

आत्यांची पावलं अंगणात गेली आणि परत आली. "हे घे. आता तोंड उघडू नको."

रत्नम्मानं खरंच तोंड उघडलं नाही. एरवी सौदा मिटल्यावरही ती घटकाभर कुरकुरते. गाठोड्याला गाठ मारल्याचा आवाज आला आणि चहासुद्धा न घेता ती गेली.

"बघितलं का गं, ऋतुजा?" भगुनं नाचवत आत्या आत आल्या. "फडक्यात भगुनं आणलं!"

मी त्यांचं मनापासून कौतुक केलं.

दुपारी शिवूची झोपायची वेळ झाली. शिवांगी माझी लेक, नऊ महिन्यांची. ती झोपते तेवढाच वेळ माझा. माझा नवरा हरिओम शाळेवर गेलेला असतो, मामा म्हणजे सासरे शेतात, आत्या ओट्यावर पडलेल्या, आणि मी लिहीत असते. पण शिवू नुसती झोपत नाही. तिला एक जुनी सुती साडी लागते. माझ्या मायची. आमच्याकडे बारशापर्यंत लेकराच्या अंगाला नवं कापड लावत नाहीत, घरातलं जुनं, मऊ झालेलंच गुंडाळतात. कंधारहून माय बाळंतपणाला आली तेव्हा पिशवीत सगळ्यात वर तिनं ही साडी घडी करून आणली होती. एके काळी गडद जांभळी होती म्हणे. आता वांग्याच्या फुलासारखी फिकट. बारसं झालं, नवी झबली आली, टोपडी आली, पण शिवूनं साडी सोडली नाही. ती तिचा काठ दोन बोटांत चोळते, नाकाला लावते आणि डोळे मिटते. घरात आम्ही तिला साडी म्हणतच नाही. 'मऊ' म्हणतो. मऊ कुठंय, मऊ धुतली का, मऊ वाळली का.

सकाळी मी मऊ धुऊन दोरीवर टाकली होती. दोरी रिकामी होती.

"आत्या, मऊ काढली का तुम्ही?"

आत्या नवं भगुनं घासत होत्या. त्यांचा हात थांबला.

"कुठली मऊ?"

"दोरीवर होती ती. मायची साडी."

"ती?" आत्यांनी भगुनं खाली ठेवलं. "ती तिची मऊ व्हती? अगं, मला वाटलं जाळी झालेलं फडकं हाय. ती तर अशी घडी करून असती ना, पाळण्यात..."

"वाळायला टाकल्यावर घडी कशी असेल, आत्या?"

त्यांना बोल लावणं मला जमलं नाही. पडद्याआड उभी राहून 'अजून थोडं ताणा' असं मनात कोण म्हणत होतं, तेही मला माहीत होतं.

मग आमच्या घरात जे सुरू झालं ते सगळ्या गल्लीनं ऐकलं. आधी मी शिवूला ते इंटरनेटवरून मागवलेलं दुपटं दिलं. महागातलं, डब्यात कागदाच्या घडीत आलेलं. तिनं काठ बोटात धरला, एकदा चोळला आणि दूर फेकला. आत्यांनी आपला पदर दिला. तो पॉलिस्टरचा, बोटातून सटकला. मग मामांचा गमछा, मग माझी ओढणी. रडून रडून ती खांद्यावर झोपली आणि पाळण्यात ठेवताच उठून पुन्हा पहिल्यापासून रडली. "रडू दे जराशीक, छाती मोठी होती," असं म्हणत आत्या स्वतःच तिला घेऊन शेजारच्या शेळ्या दाखवायला गेल्या. परत आल्या तेव्हा शेळ्या ओरडत होत्या, शिवू ओरडत होती आणि आत्या गप्प होत्या.

मी मायला फोन लावला.

"माय, तुझी एखादी जुनी सुती साडी पाठव ना गं."

"आता कुठली आणू? आता समद्या इस्तरी न लागणाऱ्या, फुलाफुलाच्या. तूच म्हणलीस, माय तू त्या सुती नेसू नको, शाळेतल्या बाईवानी दिसतीस. तीच एक ठेवली व्हती तुझ्या लेकरासाठी."

"नवी सुती घेऊन दहा-वीस वेळा धुतली तर?"

माय हसली. "धुऊन होत न्हाई ते, बाई. नेसून होतंय. तू दहावीला व्हतीस तवाची ती साडी. शेंगा फोडताना तीच, पापड लाटताना तीच, तुझ्या आज्याच्या उशाशी दवाखान्यात बसले तवा तीच. काय झालं? फाटली का?"

"नाही. दोरीवर आहे," मी म्हणाले आणि फोन ठेवला. विहिणींमध्ये भगुनं कशाला आणायचं?

संध्याकाळी आत्यांनी न सांगता रत्नम्माला फोन लावला. त्यांच्या मोबाईलमध्ये ती 'भांडेवाली' या नावानं आहे. स्पीकर चालू होता.

"सकाळची ती सुती साडी परत पाहिजे गं."

पलीकडे पाटी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग, "ती धुतली की मी, अक्का."

"मग धुतलेली दे."

"तसं न्हाई. बाकीचं सगळं मालात टाकलं. ती मालात न्हाई टाकली. ती घरात घेतली."

"घरात म्हंजी?"

"लेक आलीय बाळंतपणाला. पहिलटकरीण हाय."

आत्यांनी फोन छातीशी धरून माझ्याकडं बघितलं. शिवू मामांच्या कडेवर हुंदके देत होती. आत्यांनी फोन पुन्हा तोंडासमोर धरला. "उद्या येऊन राहिलो आम्ही. घर कुठं हाय ते नीट सांग."

सकाळी आम्ही लातूरच्या बसमध्ये बसलो. माझ्या मांडीवर शिवू, आत्यांच्या मांडीवर भगुनं. कंडक्टर म्हणाला, "मावशी, ह्याचं अर्धं तिकीट लागंल." आत्या हसल्या नाहीत. कालपासून त्या माझ्याशी जेवायला वाढण्यापुरतं बोलत होत्या आणि मीही तेवढंच. बस हलली, शिवूला खिडकीचं वारं लागलं, ती जरा शांत झाली. तेव्हा त्या बाहेर बघत म्हणाल्या, "तुझं ते काय लिहून राहिलीस तू? कातड्याचं?"

मी सांगायला लागले. कागदावर होतं तसं नाही, जसं येईल तसं. थंडी इतकी की नदी गोठून जाते. पहिल्या हिवाळ्यात फ्रेंचांनी मोजकी माणसं त्या घरात ठेवली, तर त्यांतली बहुतेक मेली. उरली त्यांना तिथल्याच लोकांनी आपल्या झोपड्यांत नेऊन जगवलं.

"अन् तरी आले का परत?"

"आले ना. टोप्यांची फॅशन होती."

"टोपीपायी?" आत्यांनी पदर सारखा केला. "अन् त्या बदल्यात काय द्यायचे?"

"भांडी. पितळेची. आणि सुऱ्या, सुया, मणी."

"म्हंजी भांडेवालीच की गं!"

पुढच्या सीटवरच्या बाईनं वळून बघितलं. मला काल खिडकीत आलं होतं तसंच हसू आलं, आणि मग मी त्यांना ती गोष्ट सांगितली जी मी खर्ड्यात एका ओळीत उरकली होती. फ्रेंचांना नवं कातडं फारसं नको असायचं. त्यांना हवं असायचं अंगावर वापरलेलं. इन्नू लोक पाच-सहा कातडी एकत्र शिवून अंगरखा करायचे, केसांची बाजू आत. दोन हिवाळे तो घालायचे, त्यातच झोपायचे. घामानं आणि अंगाच्या तेलानं वरचे राठ केस झडून जायचे आणि खालची लव तेवढी राहायची, लोण्यासारखी. टोपीला तीच लागायची. त्यामुळे नव्यापेक्षा जुन्याला भांडी जास्त मिळायची.

"वापरलेल्याला जास्त?"

"हो."

"घालून घालून झिजलेल्याला?"

"हो आत्या."

"मग ते लोक काय म्हणत असतील?"

"म्हणत असतील, काय येडे लोक आहेत. आमच्या जुन्या अंगरख्याला भगुनं देतात."

आत्या भगुन्याच्या काठावरून बोट फिरवत राहिल्या. बस लातुरात शिरताना त्यांनी विचारलं, "मग त्या टोप्यांची हौस फिटल्यावर त्या ठाण्याचं काय झालं?"

"व्यापार गेला. पण गाव आहे अजून. तसंच लाकडी घर परत बांधून ठेवलंय दाखवायला. आता लोक तिथं देवमासे बघायला जातात."

"काय काय बघायला जातेत लोक," आत्या म्हणाल्या आणि उतरायला उठल्या.

रत्नम्माचं घर गल्लीच्या टोकाला होतं. ओट्यावर कपड्यांचे ढीग लावलेले: पँटी एकीकडं, नायलॉनच्या साड्या एकीकडं, लोकरीचं एकीकडं. आतल्या खोलीत छताच्या कडीला झोळी टांगलेली होती. वांग्याच्या फुलाच्या रंगाची. झोळी हळूहळू हलत होती आणि तिच्यात कोणीतरी होतं.

मी उंबऱ्यातच थबकले. "झालं का बाळ?"

"कशाचं बाळ!" रत्नम्मा म्हणाली. "तुरीची डाळ हाय. गाठ टिकती का बघून राहिले."

झोळीशेजारी तिची लेक बसली होती, गंगामणी. पोट इतकं पुढं आलेलं की तिला उठून नमस्कार करता येईना. बाहेरच्या दोरीवर मऊचा पदर कापून केलेली दुपटी वाळत होती. मी ती बघत राहिले. कालच्या रात्री मी मनात जे काही बोलून ठेवलं होतं, 'ही माझ्या आईची आहे, ही विकायची नव्हती', ते सगळं पाठ होतं. पण कापलेल्या पदराला ते कसं ऐकवायचं हे ठरवलेलं नव्हतं.

बोलायची वेळही आली नाही. शिवूनं झोळी बघितली. माझ्या कडेवरून ती अशी झेपावली की मीच पडता पडता राहिले. दोन्ही हातांनी तिनं झोळीचा काठ धरला, नाक आत खुपसलं आणि कालपासूनचं सगळं आठवून मोठ्यानं रडायला लागली.

"अय्यो, आन तिला इकडं," म्हणत रत्नम्मानं डाळीची पिशवी उचलून बाजूला ठेवली आणि शिवूला झोळीत घातलं. गंगामणीनं बसल्या जागेवरून एक झोका दिला. शिवूनं काठ दोन बोटांत चोळला. एकदा हुंदका दिला. अजून एकदा. दुसरा झोका यायच्या आत ती झोपली होती.

चौघीजणी आम्ही झोळीभोवती उभ्या-बसलेल्या, कोणी श्वास घेईना.

"घ्या," रत्नम्मा कुजबुजली. "न्या आता तुमची साडी."

"उठंल की ती," आत्या कुजबुजल्या.

"मग?"

"मग काय, बसतो."

"बसा. चहा ठेवते."

असा सौदा मी आयुष्यात ऐकला नव्हता. रेणापूरच्या आणि देगलूरच्या दोन पट्टीच्या बायका समोरासमोर बसून अगदी श्वासाच्या आवाजात भाव करत होत्या, हातवारे मात्र नेहमीएवढेच.

"हे तुझं भगुनं. हे घे अन् साडी दे."

"दिलेलं भांडं मी पाटीत परत घालत न्हाई, अक्का. ते वापरलेलं झालं."

"एकदा वरण केलंय निस्तं!"

"मग वापरलंच की. आता त्याला कोण घेतंय?"

"अन् माझी साडी वापरलेली ती चालती व्हय?"

"साडीचं वेगळं," रत्नम्मा म्हणाली. "खरं सांगू? तुम्ही वरून ती साडी टाकली, अन् माझी बोलतीच बंद झाली. म्हणलं, ह्या बाईला कळंना ती काय टाकून राहिली. तुमचं मन बदलायच्या आत पळावं. चहा बी सोडला."

"अन् मी म्हणत व्हते, येडी भांडेवाली, फडक्यात भगुनं देऊन गेली."

दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. आत्यांचे खांदे हलायला लागले. रत्नम्मानं पदराचा बोळा तोंडात कोंबला. आवाज न करता हसणं किती अवघड असतं ते त्या दोघींकडं बघून कळत होतं. आत्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

गंगामणी हसत नव्हती. झोळीची दोरी हातात धरून ती शिवूकडं बघत होती. तिनं मला खुणेनं जवळ बोलावलं.

"लई दुखतं का, अक्का?"

मी खोटं बोलणार होते. पण तिचा चेहरा बघून बोलता आलं नाही. "दुखतं. लोक म्हणतात नंतर विसरायला होतं. मी अजून वाट बघतेय."

तिला हसू आलं. जरासंच. "माय म्हणली, ह्या साडीत लेकरू रडणार न्हाई. मला सारखं वाटतं, रडलं तर काय करू? मला तर काहीच येत न्हाई."

"मलाही येत नव्हतं. अजूनही ही साडी नसली की येत नाही, बघितलंस ना."

तिनं मान डोलवली. मग हळूच, आईला न विचारता म्हणाली, "ती उठली की मी गाठ सोडून देते. घेऊन जावा. तुमचीच हाय."

ती असं म्हणाली नसती तर मी सगळी साडी घेऊन आले असते. दुपट्यांसकट. मी त्यासाठीच आले होते. मायनं ती माझ्या लेकरासाठी ठेवली होती हेही खरं होतं. पण माझ्या बाळंतपणात माय ती पिशवीत घालून आली तेव्हा मीसुद्धा हिच्यासारखीच भिंतीला टेकून बसले होते, पाय सुजलेले, सगळ्यांना तेच तेच विचारत. तेव्हा मायनं ही साडी माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली होती, "हात लावून बघ." मी हात लावून बघितला होता आणि मला बरं वाटलं होतं. बाळ यायच्या आधीच.

"झोळी राहू दे," मी म्हणाले. "मला दोरीवरची दोन दुपटी दे. तिला काठ लागतो फक्त."

आत्यांनी माझ्याकडं बघितलं. भगुनं उचलून त्यांनी गंगामणीच्या पुढं ठेवलं. "लेकराच्या अंघोळीच्या पाण्याला घे. पाटीत घालू नका म्हणावं तुझ्या मायला."

"फुकट न्हाई घेणार मी," रत्नम्मा उसळली, कुजबुजतच.

"साडी न्हाई का ऱ्हायली तुझ्याकडं? तिच्या बदल्यात मी दिलंय. हिशोब झाला की."

"उलटं बोलून राहिल्या तुम्ही. साडी तुम्ही दिली, तर भगुनं माझ्याकडून तुम्हाला पाहिजे."

"मग वरून कायतरी टाक."

रत्नम्मानं पाटीत हात घातला आणि एक लहानसं बोंडलं काढलं, लेकरांना पाणी पाजायचं चोचीचं भांडं, आरशासारखं चकचकीत. आत्यांनी ते उलटसुलट करून बघितलं, नखानं वाजवलं, आणि आवाजानं शिवू उठली.

आता खरी परीक्षा होती. मी दोरीवरचं दुपटं आणून तिच्या हातात दिलं. तिनं काठ शोधला. बोटात चोळला. नाकाला लावला आणि तिच्या कपाळाला आठी पडली. रत्नम्माच्या साबणाचा वास. तिनं माझ्याकडं बघितलं, मी काहीतरी लबाडी केली असावी असं. आम्ही चौघी पुन्हा श्वास धरून. मग तिनं दुपट्याचा कोपरा तोंडात घातला, दोनदा चावून बघितला आणि पटल्यासारखी माझ्या खांद्यावर डोकं टेकून बसली.

"देवा," गंगामणी म्हणाली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मोकळं हसली.

शुक्रवारी दुपारी शिवू दुपटं घेऊन झोपली आणि मी तादूसाक पहिल्यापासून लिहिलं. साल मागं टाकलं. सुरुवात एका बाईपासून केली. तिच्या अंगावर दोन हिवाळ्यांचा अंगरखा आहे, त्यात तिचं लेकरू झोपायचं, आणि समोर जहाजातून उतरलेला एक माणूस त्याच्या बदल्यात पितळेचं भांडं हातात धरून उभा आहे. ती मनात म्हणते, हा येडा आहे. तो मनात म्हणतो, ही येडी आहे. दोघंही सौदा मोडायच्या आत घरी पळतात. मग हळूहळू ठाणं आलं, थंडी आली, नदी आली, टोप्या आल्या आणि गेल्या. लिहिताना मी शेवटी एक गोष्ट घातली जी कुठल्या पुस्तकात नव्हती आणि नसेलही, म्हणून 'कोण जाणे' असं म्हणून घातली: कोण जाणे, त्या बाईचं लेकरू त्या रात्री कशावर झोपलं असेल.

सुरुवातीला वाजवायला दारातल्या सौद्याचं रेकॉर्डिंग जोडून पाठवलं, आणि शनिवारी सुदर्शनचा फोन आला. "ताई, हा बाजार झाला. मसाला पुढच्या वेळी टाकतो. पण ती सुरुवातीला भाव करणारी बाई कोण आहे गं? तिला अजून दोन-तीन भागांसाठी बोलावू का?"

"ती तुला परवडायची नाही," मी म्हणाले.

ती बाई तेव्हा बाजारातून येत होती. हातात कागदाचं पुडकं. आत्यांनी कोणाला न सांगता एक सुती साडी आणली होती, वांगी रंगाची, गडद. लगेच आत जाऊन नेसूनही आल्या. खळ इतकी कडक की चालताना आवाज येत होता आणि बसल्या तेव्हा साडी त्यांच्या आधी बसायला तयार नव्हती.

"हे काय आत्या? तुम्हाला सुती आवडत नाही ना?"

"कोण म्हणलं आवडत न्हाई? टोचतीय जरा." त्यांनी खांद्यावरचा पदर उचलून खाली बसवला, तो पुन्हा वर आला. "तुझी माय येवढी वर्षं नेसली, मला दोन हिवाळे नेसायला काय झालंय? हिची ती दुपटी फाटतील कधीतरी. अन् समजा पुढं कुणी आलंच घरात..."

"आत्या!"

"मी कुठं काय म्हणलं? मी साडीचं बोलून राहिले."

शिवू रांगत त्यांच्याजवळ गेली. पदराचा काठ दोन बोटांत धरून तिनं चोळला. मग नाकाला लावला. तोंड वाकडं करून तिनं आत्यांकडं बघितलं, पदर सोडला आणि आपलं दुपटं ओढत परत माझ्याकडं यायला निघाली.

"अगं थांब की," आत्या मागून म्हणाल्या, "आत्ताशी पहिलाच दिवस हाय."